मामीची वाफ

काचमामांच्या दुकानात तोंडानं फुंकर मारायला बंदी होती. एखादं गिऱ्हाईक जुनी लेन्स पिशवीतून काढून सवयीनं तिच्यावर फू करायला गेलं, की काचमामा टेबलामागून असे ओरडत की बिचाऱ्याच्या हातून लेन्स पडायचीच काय ती बाकी राही. "अहो, काय करताय! थुंकताय काय त्या काचेवर?" माणूस ओशाळून म्हणे, "नुसता फुंकतोय हो." "तेच ते. बुरशीला आमंत्रण लागत नाही, तोंडाची वाफ पुरते!" एकदा एकानं गरम चहाचा पेला आत आणला, तर त्याला पेल्यासकट दाराबाहेर उभं केलं होतं. तो पुढे कायमचं गिऱ्हाईक झाला, ही गोष्ट वेगळी.

मामा ते कुणाचेच नव्हते. पण त्यांच्याहून म्हातारे लोकही त्यांना काचमामाच म्हणत, आणि त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली होती. धंदा जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडून साफ करायचा. साफ करायची ती मुख्यतः बुरशी. ही बुरशी शिळ्या भाकरीवर येते तशी ढळढळीत नसते. लेन्सच्या पोटात एकामागे एक काचा बसवलेल्या असतात, त्यांच्या मधल्या ओलसर हवेत ती गुपचूप धरते. आधी वाटतं केस पडलाय. मग त्या केसाला फाटे फुटतात, फाट्यांना तंतू फुटतात, आणि फोटोतला उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा पांचट होतो. वेळेवर पुसली तर जाते. उशीर झाला तर काचेवरचा थर खाऊन बसते, आणि मग पुसली तरी तिची नक्षी काचेवर राहते ती राहतेच.

नवराबायको दोघं मिळून हे काम करत. कडी फिरवून लेन्स उघडायची मामांनी. काचा पुसायच्या मामीनं, कारण तिच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. पुसून झाली की ती काच तोंडाशी धरायची आणि घशातून हळूच वाफ सोडायची. हाः. काच स्वच्छ असेल तर वाफ सारखी बसते आणि सारखी उडते. कुठे बोटाचा डाग राहिला असेल, तर तिथे ती अडखळते. मामीला ते अडखळणं दिसे, म्हणून फुंकरबंदीतून ती एकटी सुटली होती. मग पुन्हा पुसणं, पुन्हा हाः. असं करून लेन्स बंद झाली की कड्याच्या फटीवर ती आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची, म्हणजे कडं सैल होत नाही. सगळ्या गावात लाल ठिपक्याची लेन्स म्हणजे मामीच्या हातची, हे ठरलेलं.

वर्षानुवर्षं असं सुरळीत चाललं होतं, आणि मग मामांनी फुगा आणला.

रबरी फुगा. पुढे बारीक नळी, मागे मुठीत मावेल असं पोट. दाबला की फुस्स करून हवा सुटते आणि काचेवरची धूळ उडते. एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारात तो त्यांना सापडला होता, आणि तेव्हापासून काचमामांचे पाय जमिनीवर नव्हते. "हे बघ, ही शास्त्रशुद्ध पद्धत. कोरडी हवा. नाहीतर तू, म्हशीनं उसासे टाकावेत तशी." मामी हसली. म्हणाली, "म्हैस दूध तरी देते. तुमचा फुगा काय देतो ते बघू." त्या दिवसापासून प्रत्येक लेन्स बंद होण्याआधी मामा तिच्या पोटात फुग्याची हवा मारू लागले. तेवढीच मामीची वाफ बाहेर निघून जाते म्हणे.

पुढच्या दमट हंगामात लाल ठिपक्याची पहिली लेन्स परत आली. मधल्या काचेवर बुरशी. मग दुसरी आली. मग येतच राहिल्या.

काचमामांनी दोष कुणाला दिला हे सांगायला नकोच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. "लोकांच्या लेन्समध्ये बाग लावतेस तू," ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. सुरुवातीला मामी उलट बोलायची. मग तिनं बोलणं कमी केलं. मग एके सकाळी ती निळ्या चौकटींचा सुती रुमाल तोंडाला बांधून टेबलाशी येऊन बसली. दिवसभर काढला नाही, पाणी प्यायला तेवढा वर करायची. मामांना बरं वाटलं. रुमाल बांधूनही लेन्स परत येतच होत्या. तर ते म्हणाले, जुनी वाफ दुकानात भरून राहिली असणार, ती निघायला वेळ लागेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मामीचा शेवटचा दिवस असा गेला. मामा दाढ काढून घ्यायला गेले होते. संध्याकाळी गाल फुगवून, तोंडात कापूस धरून परत आले, तर मामी दिवे मालवायच्या बेतात होती. तोंड मोकळं होतं. रुमाल लेन्सभोवती गुंडाळून त्याची गाठ मारलेली होती.

"आज एकटीनं केली," ती म्हणाली. "स्टुडिओवाल्यांची. तुमच्या फुग्याशिवाय, माझ्या पद्धतीनं."

"म्हणजे वाफ मारलीस."

"मारली. पोटभर मारली."

काढलेल्या दाढेची जागा ठणकत होती. ठणकत नसती तरी मामा काही वेगळं बोलले असते असं नाही. "झालं तर मग! येईल तीही परत."

"तेच म्हणते मी. देऊ नका इतक्यात. ठेवा इथे, आणि उघडून बघा एकदा. महिन्यानं बघा, वर्षानं बघा. पण उघडून बघा."

"तोंडाची वाफ दवडू नकोस," मामा म्हणाले, आणि कापूस थुंकायला मोरीकडे गेले.

दुसऱ्या सकाळी मामी उठलीच नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

ती लेन्स मामांनी खालच्या खणात ठेवली. आणि उघडली नाही. आधी हिंमत झाली नाही. मग दिवस जात गेले तसं त्यांच्या मनानं एक घेतलं, ते घेतलंच. बाकीच्या लेन्समधून मामीची वाफ त्यांनी फुग्यानं हाकलली होती. या एकीतून नाही. या एकीत ती आहे तशी आहे, पोटभर, चहूबाजूंनी कडी आवळून बंद. उघडली की जाणार. मामीचं घरात काय काय उरलं होतं, कपडे, चपला, केसांचा आकडा. पण यातलं काहीही तिच्या आतून आलेलं नव्हतं. म्हणून ते रुमालाची गाठसुद्धा सोडत नसत. गाठही तिचीच होती.

तिच्या माघारी लेक दुकानात येऊन बसू लागली. पुढे काउंटरवर ती, मागे पडद्याआड टेबलाशी मामा. मामीचं स्टूल त्यांनी टेबलाच्या कडेला होतं तिथेच ठेवलं. आणि काही आठवड्यांनी त्यांना ऐकू येऊ लागलं.

सकाळची वेळ. रस्त्यावरची दुकानंही नीट उघडलेली नसत. मामा खुर्चीत बसत, हत्यारांचा वरचा खण ओढत. तो लाकूड फुगल्यानं अडकायचा, दोन हिसके द्यावे लागत. आणि हत्यारं काढता काढता, अगदी कानाशी, दमलेल्या माणसानं बसताना सोडावा तसा श्वास यायचा. हाः.

पहिल्यांदा त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्यांदा ते रडले. मग मात्र ते वाट बघायला लागले. आवाज आला की स्टूल थोडं पुढे ओढत आणि म्हणत, "बस." कुठली लेन्स हातात आहे ते सांगत. नव्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवत. काउंटरवरून लेक ते ऐकत असे.

त्यातून एक गोष्ट अशी घडली की उरलीसुरली शंकाही फिटली. मामीचं नेलपॉलिश वाळून गेलं होतं, म्हणून मामा आता कड्यावर पिवळ्या लाखेचा ठिपका देत. म्हणजे पिवळा ठिपका तो मामी गेल्यानंतरचा. आणि एक दिवस पिवळ्या ठिपक्याची लेन्स परत आली. उजेडाकडे धरली तर मधल्या काचेवर तंतूंचं जाळं, कोळ्यानं विणावं तसं. ही लेन्स एकट्या मामांनी केली होती. हातमोजे घालून, श्वास रोखून. काचेपाशी दुसरं कुणीही नव्हतं.

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. काचमामा ती लेन्स छातीशी धरून बसले. मामी गेली होती, पण वाफ थांबली नव्हती. ती अजून टेबलाशी बसत होती, त्यांच्या नकळत काचा तोंडाशी धरत होती. पुढे पिवळ्या ठिपक्यांच्या लेन्स येतच राहिल्या, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक तणतणत असताना मामांच्या तोंडावर असं काही समाधान दिसायचं की त्याचा पारा आणखी चढे.

"बाबा, लोक आता दुसरीकडे जायला लागलेत," लेक म्हणायची.

"जाऊ देत."

"जाऊ देत काय! एक दिवस जोड्यानं मारतील आपल्याला."

"मारू देत," काचमामा म्हणायचे.

असं काही वर्षं चाललेलं असताना एका दुपारी स्टुडिओवाली आली.

तिच्या वडिलांचा दोन गल्ल्या पलीकडे फोटो स्टुडिओ होता. ते वारले तेव्हा तिनं त्यांची लेन्स मामीकडे साफ करायला टाकली, आणि स्टुडिओला कुलूप लावून ती आईला घेऊन दुसऱ्या गावी गेली. आता परत आली होती. उन्हातून आल्यामुळे घाम पुसत ती काउंटरवर टेकली. "मामा, वडिलांची लेन्स घ्यायला आले. पितळी कड्याची, लांबोडकी. मामींकडे दिली होती."

लेकीनं पडद्याकडे बघितलं. पडदा सारून मामा बाहेर आले. "ती हरवली," ते म्हणाले.

"हरवली? तुमच्याकडे? अहो, तुमच्याकडे एवढासा स्क्रू हरवत नाही!"

"माणसं हरवतात, लेन्सचं काय घेऊन बसलात."

स्टुडिओवाली ओरडेल असं लेकीला वाटलं. ती ओरडली नाही. पुढ्यातल्या बाकावर बसली आणि हातातला रुमाल उलगडत घडी घालत राहिली. "आई आजारी आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलंय. तिचा एक फोटो काढायचाय मला. माझ्याकडे ढीगभर लेन्स आहेत हो, नव्या कोऱ्या. पण ती बसत नाही. म्हणते, तुझ्या वडिलांनी ज्या काचेतून मला बघितलं, त्या काचेतून बघणार असशील तर बघ. नाहीतर राहू दे. हट्टी आहे. पहिल्यापासूनच हट्टी आहे." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "उद्या संध्याकाळी येते मी. शोधा, मामा. त्याच्या पुढे किती वेळ आहे ते मला सांगता येत नाही."

ती गेली. लेकीनं दार लोटलं, कडी घातली आणि पडद्याआड गेली.

"खालच्या खणात आहे ना ती?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रोज घरी निघताना त्या खणाला हात लावता तुम्ही. झोपलेल्या पोराला लावावा तसा." ती टेबलाला टेकून उभी राहिली. "बाबा, लेन्स त्यांची आहे."

मामांनी मग सगळं सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं. सकाळचा श्वास, पिवळे ठिपके, आणि खालच्या खणातली ती एक लेन्स, जिच्यातली वाफ कुणी हाकलली नव्हती. "उघडली की गेली," ते म्हणाले. "बस. मग काही उरत नाही."

लेक चिडून बोलली. "तुम्ही जेवायला जाता ना दुपारी, तेव्हा मी येऊन त्या स्टुलाशेजारी उभी राहते. दार बंद करून, श्वास धरून. मला काही ऐकू येत नाही. एकदाही नाही. तुम्हालाच का येतं? माझी आई नव्हती का ती?" आणि तिनं ओठ घट्ट मिटले. मामांना त्या क्षणी ती अगदी लहान दिसली.

"तू हाक मारतेस का तिला?" त्यांनी विचारलं.

"मारते," लेक म्हणाली. "एवढं मोठं माणूस मी, मारते की."

त्या रात्री काचमामांना झोप लागली नाही. एक बाई लेन्ससमोर बसायला खोळंबली होती आणि तिच्याकडे वेळ नव्हता, हे त्यांना कळत होतं. आपल्याच बायकोनं "उघडून बघा" म्हटलेलंही आठवत होतं. ते कधी विसरले नव्हतेच. पहाटे त्यांचं ठरलं. उघडायची. पण वाफ अशी वाऱ्यावर जाऊ द्यायची नाही. कडं सुटताच नाक तिथे धरायचं आणि ती सगळी आत ओढून घ्यायची. बायकोची वाफ नवऱ्याच्या छातीत गेली तर कुणाचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि लेकीला बाहेर काउंटरवर बसवलं. "मी हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस." पडदा ओढून घेतला. खालचा खण उघडला.

गाठ सोडायलाच वेळ लागला. रुमाल मोकळा झाला. त्याच्या दोन टोकांना मानेमागे बांधून बांधून पडलेल्या चुण्या तशाच होत्या. मामांनी त्या निरखल्या. असा किती महिने बांधत होती ती? कुणासाठी? त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. कड्यावरचा लाल ठिपका अजून चकाकत होता. सुरीच्या टोकानं त्यांनी तो फोडला, पकडीचे दोन दात कड्याच्या खाचांत बसवले आणि जोर दिला. कडं किर्र करून सुटलं. बोटानं फिरवत फिरवत आणलं शेवटच्या आट्यापर्यंत. मग लेन्स नाकाशी धरली, डोळे मिटले, कडं उचललं आणि उरात मावेल तेवढा श्वास घेतला.

पितळेचा वास आला. जुन्या तेलाचा थोडा. आणखी काही नाही.

ते तसेच बसून राहिले, छाती भरून, सोडायची भीती वाटून. शेवटी सोडावाच लागला. त्यांनी बॅटरी पेटवली आणि काचांतून आडवा उजेड पाडला. आत बुरशीचं रान माजलेलं असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. एवढी वाफ, एवढी वर्षं, एवढी दमट हवा.

काचा झऱ्यासारख्या स्वच्छ होत्या.

त्यांना खरं वाटेना. पुढची काच काढली, मधली काढली, मागची काढली. भिंग डोळ्याला लावून कडेकडेनं बघितलं. एक तंतू नाही, एक ठिपका नाही. पोटभर वाफ मारून बंद केलेली लेन्स, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. वाफ त्याच संध्याकाळी, कडं आवळायच्या आधीच, काचेवरून उडून गेली असणार. उडतेच ती. म्हणून तर मामी मारायची.

तेवढ्यात मधल्या काचेवर रुमालाच्या सुताचा बारीक कण बसलेला त्यांना दिसला. हात सवयीनं वरच्या खणाकडे गेला. दोन हिसके, खण उघडला. आणि आवाज आला. हाः.

मामांनी हात मागे घेतला नाही. या वेळी ते बघत होते. खणात सगळ्या हत्यारांच्या वर, जागा पुरत नाही म्हणून रोज दाबून बसवलेला तो रबरी फुगा, वरच्या फळीचा दाब सुटल्यावर हळूहळू फुगत होता. रबर म्हातारं झालं होतं. पोट भरायला त्याला वेळ लागत होता आणि नळीतून हवा आत ओढताना तो आवाज करत होता. दमलेल्या माणसासारखा.

त्यांनी फुगा हातात घेतला. पुन्हा दाबला, अलगद सोडला. हाः. पुन्हा दाबला. हाः.

मग टेबलावर काळी मखमल पसरून त्यांनी तो तिच्यावर दाबला. मखमलीवर राखेसारखी पूड पडली. त्यांनी पातं घेतलं आणि फुग्याचं पोट उभं चिरलं. आत, देठापासून बुडापर्यंत, करडी लव होती. दाट, मऊ, जुनी. भंगारातून आणला तेव्हापासूनची असेल. हा फुगा त्यांनी लाल ठिपक्याच्या लेन्समध्ये मारला होता आणि पिवळ्या ठिपक्याच्याही. मारला नव्हता तो फक्त या एकीत. कारण त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो कळसा कुठला, तर ज्याचं खापर बायकोवर फोडून त्यांनी तिला तोंड बांधायला लावलं तो.

लेन्समध्ये मामी नव्हती. खणात नव्हती. पिवळ्या ठिपक्यांत नव्हती. इतकी वर्षं ते एका रबराच्या फुग्याला बस म्हणत होते, नकला करून दाखवत होते. आणि ती मात्र खरोखरच एक वाक्य मागे ठेवून गेली होती. उघडून बघा. तेवढंच त्यांनी ऐकलं नव्हतं.

काचमामा खुर्चीत वळले. स्टूल तिथेच होतं. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. "तुझं नव्हतं काही. माझंच होतं सगळं." आणि त्यांनी वाट बघितली. आता आलीच पाहिजे, असं त्यांना वाटलं. एवढं बोलल्यावर तर कुणीही येईल. पंखा बंद होता, खिडकी बंद होती, बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होतं. चिरलेला फुगा टेबलावर पडला होता, त्याला आता आवाज नव्हता. जिवाचा कान करून ते ऐकत राहिले. कुणी आलं नाही. आणि माफी मागायची वेळ आली तेव्हा कुणी नसणं, हे त्यांना मामी गेली त्या सकाळपेक्षाही जड गेलं. त्यांनी तिचा रुमाल तोंडावर दाबला आणि आवाज न करता रडले.

मग तोंड पुसलं. संध्याकाळी स्टुडिओवाली येणार होती, तिची आई खोळंबली होती, आणि लेन्स सुटी होऊन टेबलावर पडली होती. काचा बसवायच्या होत्या. मधल्या काचेवरचा कण त्यांनी कपड्याच्या कोपऱ्यानं उचलला, काच पुसली, मामी पुसायची तशी, मधून कडेला, सावकाश. पुसून झाली. आता ती नीट पुसली गेली का, हे कळायला एकच मार्ग होता, आणि तो त्यांनी कधी स्वतः केला नव्हता.

काच तोंडाशी धरली. क्षणभर लाज वाटली, कुणी बघत असल्यासारखी. मग त्यांनी घसा मोकळा केला आणि हळूच वाफ सोडली.

हाः.

काचेवर धुकं बसलं. कुठेही न अडखळता, सारखं, काठापासून काठापर्यंत. ते उडताना मामा त्याच्याकडे बघत होते, तेवढ्यात पडद्यापलीकडे काउंटरची खुर्ची धाडकन मागे सरकली.

"आई?" लेक म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मामांनी काच जपून खाली ठेवली. पडदा मधे होता, पण पलीकडे ती कशी उभी असेल ते त्यांना दिसत होतं. श्वास धरून, रोज दुपारी स्टुलाशेजारी उभी राहायची तशी.

"नाही गं," ते म्हणाले. "मी आहे."